बाळं झोपली की काकूंनीही झोपावं का?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की बारशाचे फोटो, डिंकाचे लाडू, भेटायला येणारी मंडळी हे सगळं मागे पडतं आणि एकच विषय उरतो, तो म्हणजे पाळणाघर. मोठ्या डे-केअर सेंटरची वेटिंग लिस्ट लांबलचक असते आणि फी ऐकून धडकी भरते. मग कुणीतरी सांगतं, "अरे, आमच्या मागच्या गल्लीत एक काकू घरीच मुलं सांभाळतात. आपल्याच आहेत. मऊ वरण-भात भरवतात, मराठीत बोलतात." आपला जीव भांड्यात पडतो. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमॉन्ट या आमच्या पट्ट्यात अशी घरगुती पाळणाघरं बरीच आहेत आणि आमच्यासारख्या दोघेही नोकरी करणाऱ्या घरांचा संसार त्यांच्याच जोरावर चाललेला असतो.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यावर एक प्रसंग आला. तिची दुपारची मीटिंग रद्द झाली म्हणून ती पाच महिन्यांच्या लेकीला आणायला पावणेदोनलाच गेली. बेल वाजवली, दार ठोठावलं, फोन केला. दार उघडायला सात-आठ मिनिटं लागली. काकूंच्या गालावर उशीचा वळ होता. आत चार मुलं शांत झोपलेली, सगळी सुखरूप. काकूंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "अगं, मुलं झोपली की मीही अर्धा तास आडवी होते. पहाटे साडेचारला उठते मी, संध्याकाळी सहापर्यंत पाठ टेकायला मिळत नाही."

त्या रात्री त्यांच्या घरी बराच वाद झाला. ती म्हणाली, उद्यापासून लेकीला तिथे पाठवायचं नाही. तो म्हणाला, मग ठेवायचं कुठे? दुसरीकडे जागा मिळायला महिने लागतील. कोल्हापूरहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मीही तुला कुशीत घेऊन दुपारी झोपतच होते की!" पुढच्या रविवारी हे आमच्याकडे जेवायला आले तेव्हा जेवणाच्या टेबलावरही दोन तट पडले. तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलं, आमच्या मुलाला सांभाळणाऱ्या काकूंशीही बोललो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एकट्याने लहान मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीने मुलं झोपलेली असताना झोपू नये. पण तिला विश्रांती मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून द्यायची जबाबदारी आपली, पालकांची, आहे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. कॅलिफोर्नियात घरात पाळणाघर चालवायला राज्याचा परवाना लागतो. स्वतःच्या मुलांव्यतिरिक्त एकाच कुटुंबाची मुलं सांभाळत असाल तर सूट आहे, पण दुसऱ्या कुटुंबाचं मूल आलं की परवाना हवाच. लहान परवान्यावर सगळीच बाळं दोन वर्षांखालची असतील तर जास्तीत जास्त ४, मिश्र वयाची असतील तर ६, आणि मोठी शाळकरी मुलं धरून काही अटींवर ८ मुलं ठेवता येतात. मोठ्या परवान्यावर १४ पर्यंत, पण मग मदतनीस लागतो. लहान परवान्यावर काकू बहुतेक वेळा एकट्याच असतात.

मुलांवर सदैव लक्ष असलं पाहिजे, असं नियमावली सांगते. त्याहून नेमका नियम झोपेबद्दल आहे. दोन वर्षांखालचं बाळ झोपलं असेल तर दर १५ मिनिटांनी त्याच्याजवळ जाऊन पाहायचं आणि तशी नोंद ठेवायची. श्वास घ्यायला त्रास होतोय का, अंग तापलंय का, चेहरा लाल झालाय का, हे बघायचं. एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवरच झोपवायचं. क्रिबमध्ये उशी, पांघरूण, खेळणी काही नको. आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, तेही इथल्या पाळणाघरात चालत नाही. बाळ दोन तास झोपलं तर आठ फेऱ्या झाल्या. दर १५ मिनिटांनी उठून बघायचं आणि झोपायचंही, हे एकत्र बसत नाही. त्यामुळे नियमात 'झोपू नका' हे शब्द शोधायची गरजच उरत नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांनाही हे ओळखीचं वाटेल. तिथल्या चाइल्डमाइंडरसाठीच्या नियमांत मुलं कायम नजरेच्या किंवा कानाच्या टप्प्यात असावीत आणि झोपलेल्या मुलांना वारंवार पाहावं, असं सांगितलेलं आहे. देश वेगळा असला तरी मुद्दा एकच आहे. झोपलेलं मूल म्हणजे सुरक्षित मूल, असं गृहीत धरायचं नाही.

आता कोल्हापूरच्या आईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो खरा प्रश्न आहे. आपण सगळे दुपारी आईच्या नाहीतर आजीच्या कुशीत झोपूनच मोठे झालो. वामकुक्षी हा आपल्याकडे आळस समजला जात नाही, ती घराची रीत आहे. मग इथेच एवढं अवडंबर का?

पहिलं कारण म्हणजे वय. बाळाचा झोपेत अचानक, कारण न कळता मृत्यू होतो त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स, म्हणतात. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि सगळ्यात जास्त धोका साधारण दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान असतो. आता सुट्टीचा हिशेब बघा. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे जवळपास सहा महिने. अमेरिकेचा १९९३ चा केंद्रीय कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना लागू नाही. कॅलिफोर्नियात थोडं बरं आहे, कंपनी चांगली असेल तर आणखी बरं. तरीही तीन-चार महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवणारी कितीतरी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. भारतात ज्या वयात बाळ आजीच्या मांडीवर असतं, त्याच वयात इथे ते दुसऱ्याच्या घरी झोपतं. धोक्याचे महिने आणि पाळणाघराचे पहिले महिने एकमेकांवर येतात.

दुसरं कारण म्हणजे जागा आणि सवय. अमेरिकेत बाळांना पालथं न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवा असा सल्ला बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये दिला आणि १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची देशभर मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत सिड्सचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण २००० साली डॉ. रेचेल मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिड्सच्या मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के मृत्यू बाळ दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली असताना झाले होते. बाळं जेवढा वेळ अशा ठिकाणी असतात त्यावरून हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास असायला हवा होता. घरी पाठीवर झोपायची सवय असलेलं बाळ पाळणाघरात पालथं झोपवलं गेलं, हे त्यात अनेकदा आढळलं. सवय नसताना पालथं झोपणं बाळासाठी फार धोक्याचं असतं. त्यामुळे बाळ कसं झोपलंय, हे झोपवताना आणि नंतरही कुणीतरी बघत राहावं लागतं.

तिसरं कारण मला माझ्या कामातून कळलं. आमच्या टीममध्ये पाळीपाळीने ऑन-कॉल असतो. आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं, सर्व्हर बिघडला की अलार्म वाजतो, उठायचं आणि काम करायचं. झोपायला हरकत नसते, कारण बिघाड झाला की आवाज होणार याची खात्री असते. सुरुवातीला मलाही वाटलं होतं की काकूंचंही असंच असेल, बाळ रडलं की त्या उठतीलच. पण बाळाच्या बाबतीत जे खरं संकट आहे ते आवाज करत नाही. तोंडावर कपडा आला, झोक्याच्या खुर्चीत मान पुढे पडून श्वासनलिका दबली, बाळ मऊ गादीत तोंड खुपसून आपलीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहिलं, तर रडू येईलच असं नाही. रडणारं बाळ श्वास घेत असतं. बघायला जावं लागतं ते शांत बाळाला.

मग बेबी मॉनिटर, पायात घालायचा तो सेन्सरवाला मोजा? इंजिनीअर म्हणून मला अशा वस्तूंचं आकर्षण आहे हे कबूल. पण घरगुती श्वास-हृदय मॉनिटरवर विसंबून सिड्सचा धोका कमी होईल असं समजू नका, असं बालरोगतज्ज्ञांची अकादमी स्पष्ट सांगते. कॅमेरा उपयोगी आहे, पण त्याकडे बघणारा माणूस जागा असेल तरच.

मोठ्या मुलांचं वेगळं आहे. तीन वर्षांचा मुलगा सिड्सने दगावत नाही, पण तो गुपचूप उठतो. स्टुलावर चढून दाराची कडी काढतो, स्वयंपाकघरात जातो, नाहीतर शेजारच्या क्रिबमध्ये लेगोचा तुकडा टाकून येतो. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण पाण्यात बुडणं हे आहे, म्हणूनच इथे पाळणाघराच्या घरी स्विमिंग पूल असेल तर त्याला किमान ५ फूट उंच कुंपण किंवा भक्कम आच्छादन लागतं. आणि आग लागली, भूकंप झाला, तर चालता न येणारी तीन-चार बाळं उचलून बाहेर नेणारं माणूस पहिल्या सेकंदापासून जागं हवं.

'घरी आईही झोपतेच की' याचं उत्तरही इथेच आहे. आईजवळ एक मूल असतं, स्वतःचं. रात्रभर कुणीच जागू शकत नाही, म्हणून घरी आपण तो धोका जमेल तेवढा कमी करून पत्करतो. बाळाला आपल्याच खोलीत पण वेगळ्या क्रिबमध्ये ठेवतो. पाळणाघरात चार घरांची चार मुलं असतात, वेगवेगळ्या वयांची, आणि दिवसाढवळ्या लक्ष ठेवण्यासाठीच आपण पैसे देतो. जागं राहिल्याने प्रत्येक दुर्घटना टळते असं अजिबात नाही. पण जी टळू शकते ती टाळायला कुणीतरी जागं लागतं. काही राज्यांत रात्रीच्या पाळणाघरांसाठी वेगळे नियम असतात. मी बोलतोय ते दुपारच्या झोपेबद्दल.

एवढं वाचून काकूंवर चिडायला आपण मोकळे, असं कुणाला वाटत असेल तर जरा थांबा. त्यांचा दिवस बघा. पहिलं मूल साडेसातला येतं, शेवटचं सहाला जातं. म्हणजे दहा-साडेदहा तास, एकटीने. मी कंपनीत नोकरीला आहे. कॅलिफोर्नियात पाच तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला साधारणपणे अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी कायद्याने मिळते. काकू स्वतःच्याच मालक असल्यामुळे त्यांना ती कुणीच देत नाही. आमच्या काकू मला हसत म्हणाल्या, "अरे, मी जेवते ती ओट्याशी उभ्यानेच. बसले की कुणीतरी उठतंच."

आणि मुलं झोपतात तो वेळ काही रिकामा नसतो. भांडी, केर-पोछा, डायपरची बादली, उद्याची भाजी. सरकारी आहार योजनेत नाव असेल तर कुणी काय खाल्लं याच्या नोंदी. त्यातच आपले मेसेज. 'जेवला का?' 'किती वाजता झोपला?' 'एक फोटो पाठवा ना.' त्यांना पाच मिनिटं निवांत मिळतील ती नेमकी आपणच खातो. संध्याकाळी ट्रॅफिकचं कारण सांगून वीस मिनिटं उशिरा जाणारेही आपणच, आणि फी ठरवताना 'आपल्यातल्याच आहात, जरा बघा ना' म्हणणारेही आपणच. थकलेल्या माणसाला दुपारी डुलकी लागते, त्यात बेफिकिरीच असते असं नाही. खुर्चीत एखाद्या दिवशी डोळा लागणं आणि रोज दार लावून पलंगावर झोपणं यात फरक आहे. पण रोजच डुलकी लागत असेल तर ते काम एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं झालंय, हे दोन्ही बाजूंनी ओळखायला हवं.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी लेकीला पाठवलं नाही, दोघांनी आळीपाळीने घरून काम केलं. शनिवारी ते काकूंकडे गेले. तिने स्पष्ट पण नीट विचारलं, "काकू, तुम्ही दमता हे मला कळतं. पण पिल्लू एवढी लहान आहे, तुम्ही झोपलात तर तिच्याकडे बघणारं कुणी नाही. आपण यावर काही करू शकतो का?" काकू आधी दुखावल्या. "इतकी वर्षं मुलं सांभाळतेय, एकालाही ओरखडा नाही," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मदतीला कुणी मिळालं तर मलाच हवंय गं. पण परवडत नाही."

मग चारही घरं एकत्र बसली. दुपारी बारा ते दोन एक मदतनीस ठेवायची, पैसे चौघांनी वाटून द्यायचे. तिची फिंगरप्रिंट तपासणी, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं आणि सीपीआरचं प्रशिक्षण हे सगळं रीतसर झालं. काकूंनी परवाना कार्यालयातल्या आपल्या अधिकाऱ्याला फोन करून व्यवस्था नियमात बसते का तेही विचारून घेतलं. यात महिना गेला. तोवर काकूंनी दर १५ मिनिटांचा टायमर लावला आणि त्या मुलांच्याच खोलीत ताठ पाठीच्या खुर्चीत बसू लागल्या. चारपैकी एका कुटुंबाने जास्तीचे पैसे द्यायला नकार दिला आणि मूल दुसरीकडे नेलं. उरलेल्या तिघांचा वाटा वाढला. आमच्या मित्राला तो जड जातो, तो बोलूनही दाखवतो. पण लेक तिथेच आहे, आणि काकू आता आतल्या खोलीत अर्धा तास निर्धास्त पडतात.

सगळीकडे असं जमेलच असं नाही. म्हणून नवीन आई-बाबांना माझं सांगणं आहे की हे बोलणं पहिल्या भेटीतच करा, प्रसंग घडल्यावर नको. परवाना बघायला मागा. यात संकोच करायचं कारण नाही, खऱ्या परवानाधारक काकू तो स्वतःहून दाखवतात. राज्याच्या संकेतस्थळावर तपासणीचे अहवालही बघता येतात. मुलं कुठे झोपतात ती खोली बघा. प्रत्येकाला वेगळी जागा आहे का, गादी सपाट आणि टणक आहे का, हे बघा. झोपेच्या नोंदीचा कागद बघायला मागा. 'दुपारी तुम्ही कुठे बसता?' हा प्रश्न 'तुम्ही झोपता का?' यापेक्षा बरा, आणि उत्तरही जास्त खरं मिळतं. तुमचं बाळ घरी कसं झोपतं ते त्यांना सांगा, आणि घरीही पाठीवरच झोपवा, म्हणजे दोन ठिकाणी दोन सवयी होणार नाहीत.

व्हिसामुळे नोकरी करता येत नाही म्हणून परवान्याशिवाय गुपचूप चार-पाच घरांची मुलं सांभाळणाऱ्याही आपल्यात आहेत. त्यांची अडचण मला समजते. पण तिथे तपासणी नाही, नोंदी नाहीत, आणि उद्या काही झालं तर मूल, पालक आणि सांभाळणारी, तिघांच्याही पाठीशी कुणी नाही. स्वस्त आहे म्हणून ती वाट धरू नका.

तेवढंच स्वतःलाही विचारा. त्यांच्या जेवणाच्या अर्ध्या तासाचं काय ठरलंय? त्या आजारी पडल्या तर? आपण वेळेवर न्यायला जातो का? मुलं झोपायच्या वेळेत मेसेज न पाठवण्याचा नियम आपण पाळू शकतो का? आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले असतील तर बाळाला पहिले काही महिने घरीच ठेवता येईल का? आणि आजी-आजोबा सांभाळणार असतील तर त्यांच्याही दुपारच्या झोपेची पाळी लावून द्या. एक झोपला की दुसरा जागा. हे त्यांना सांगायला अवघड वाटतं, पण नातवासाठी ते ऐकतात.

मदतनीसाचे पैसे, दुपारच्या जेवणाचा वेळ आणि झोपेच्या नोंदी, या तीन गोष्टी फीच्या आकड्याबरोबरच कागदावर लिहून घ्या. करार करताना त्याला दहा मिनिटं जास्त लागतील, एवढंच.